पेवीची सारजामाय

सारजामाय सुईण दुसऱ्याच्या घरी गेली की उंबऱ्याबाहेर थांबून दोन्ही हात कोपरापर्यंत धुवून घेई. स्वतःच्या घरात शिरताना मात्र ती हातांपेक्षा पायांची काळजी अधिक करी. ओट्यावर बसून एकेक तळवा उजेडाकडे वळवायची, बोटे फाकवायची आणि लुगड्याचा काठ हलवून झटकायची. काय शोधते म्हणून मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘काटा पाहून राह्यली जी. बाभयीचा एवढुसा काटा माह्या पायासंगं घरात आला, तं मले काई होत नाई. पन जे पोट घासत चालतात त्यायच्या अंगात घुसते ना.’

पोट घासत चालणारी, आंधळी, बहिरी, तीन पायांची, मान सतत डोलणारी अशी दहा-बारा मांजरे तिच्या घरी कायम असत. आमचे गाव धामणगाव बढ्याहून दोन कोसांवर. न्हाव्याच्या घरची ही बाई तरुणपणीच विधवा झालेली, पोटी मूल नाही. परंतु त्या काळच्या गावातील निम्मी माणसे तिच्याच हातांवर या जगात आली होती, त्यामुळे लहानथोर तिला सारजामाय म्हणत. मांजरांची आवड म्हणून ती मांजरे पाळीत होती असे कोणी समजू नये. धडधाकट मांजर दाराशी आले तर ती खराटा उचली. ‘जाय बे. तुले चार पाय हायेत, दोन डोये हायेत. उंदीर मार अन् खाय. इथं जागा नाई.’

तिची माझी पहिली भेट मला भूषणावह नाही. काशीस नऊ वर्षे धर्मशास्त्राचे अध्ययन करून मी नुकताच गावी परतलो होतो आणि विद्येचा अभिमान अंगात मुरलेला होता. त्या वर्षी दौलतराव पाटलांनी आपल्या अंगणातले ज्वारीचे पेव उघडले. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. धान्य काढून झाल्यावर त्याच्या तोंडावर दगडी फाडी बसवतात. पाटलांनी स्वतः उभे राहून फाडी सोडायला सांगितली, आणि कडेला उन्हात निजलेली एक करडी मांजर तिच्याखाली सापडली. गड्यांनी फाडी उचलली तर मांजर निपचित. तिला उकिरड्यावर टाकून दिले.

मांजर मारले तर काशीस सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही समजूत आपल्याकडे किती खोल आहे हे सांगायला नको. पाटील घाबरले आणि माझ्याकडे आले. ‘शास्त्रीबुवा, काशी दूर अन् सोनं त्याहून दूर. चांदीचं चालन का?’ देश, काल आणि शक्ती पाहून चांदीचे चालेल असे मी गंभीरपणे सांगितले. मारुतीच्या पारावर प्रायश्चित्ताची तयारी झाली. क्षौर हे त्याचे पहिले अंग, म्हणून सारजेच्याच दिराने पाटलांच्या डोक्यासह त्यांची ती गावभर प्रसिद्ध असलेली मिशी उतरवली. पाटील पाटावर बसले, चांदीचे मांजर तबकात ठेवले, मी संकल्प सांगू लागलो. गाव भोवती जमले होते. तेवढ्यात डोक्यावर टोपले घेतलेली एक उंच, काळीसावळी बाई माणसे सारत पुढे आली.

‘शास्त्रीबुवा, जरा थांबा जी,’ ती म्हणाली. ‘जिच्या नावानं मंत्र म्हून राह्यले, तिले आधी पाहून घ्या.’

तिने टोपले माझ्यापुढे उतरवले. जुन्या लुगड्याच्या धडप्यात ती करडी मांजर होती. तिने माझ्याकडे पाहून जांभई दिली.

‘मेली नाई ही. पाठ मोडली हाये. उकिरड्यावर फेकली तवाबी जित्तीच होती. पन कोनी हात लावून पाह्यलंच नाई.’

पाटील जरा सावरले. ‘जित्ती हाये तं चांगलंच झालं ना, सारजे. पाप टयलं.’

‘टयलं कसं, पाटील? मेलेल्याचं पाप एका दिवसात फिटते. जित्तीचं रोज फेडाव लागते.’

मागून कोणीतरी हळूच म्हणाले, ‘पाटील, मिशी फुकट गेली.’ आणि सारा पार हसला. पाटलांनी वरचा ओठ उपरण्याने झाकला. ते हसू त्यांच्या मनात किती काळ सलत राहणार होते, हे तेव्हा कोणालाच समजले नाही. मी दर्भ खाली ठेवले. मेलेल्या जीवाबद्दल काय करावे हे मला तोंडपाठ होते. तो मेला आहे की नाही हे आधी पाहावे, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेलो. क्षमा मागावी असे मनात होते, पण तिने मागू दिली नाही. ‘बसा. पन पाट सरकवू नका,’ एवढेच म्हणाली. मी पाट उचलून सावलीत घेतलाच होता. ‘जिथून उचलला तिथंच ठेवा जी. चांदी आता आपटन.’ चांदी नावाची पांढरी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी मांजर भिंतीकडून येतच होती. पाट जागेवर गेला तेव्हा ती त्याला बरोबर वळसा घालून पाण्याच्या परळापाशी पोहोचली. त्या घरातले जाते, उखळ, घडवंची, काही म्हणजे काही कधी हललेले मी पाहिले नाही. भिंतीच्या कडेने अंबाडीचा दोर जमिनीवर ठोकून बसवलेला होता. आंधळी मांजरे त्या दोराला अंग लावून निजायच्या जागेपासून राखेच्या कुंडीपर्यंत जात. चुलीभोवती मातीचा हातभर उंच कठडा होता. ओट्याला पायऱ्यांऐवजी फळ्यांचा उतार होता.

एकेकाची ओळख तिने मला करून दिली. मलकापूरच्या जिनातून सरकी भरून आलेल्या गाडीत एक पाय तुटलेला बोका निघाला होता, तो तिपाई. जन्मतःच मान हलत असलेले पिल्लू, ते डोलकी. घशात अन्न उतरत नसलेली एक म्हातारी मांजर होती, तिला ती दुधात कुस्करलेली भाकरी बोटावर घेऊन चाटवी. कोपऱ्यात एक गलेलठ्ठ काळा बोका होता. मी हाक मारली, टाळी वाजवली, तो हलला नाही.

‘थो तहसीलदार,’ सारजामाय म्हणाली. ‘बहिरा हाये. कोनाचंच आयकत नाई.’

पाठ मोडलेल्या करडीचे नाव तिने पेवी ठेवले होते. पेवीचे मागचे अर्धे अंग लुळे होते. त्याहून कठीण गोष्ट अशी की तिला लघवी आपण होऊन होत नसे. दिवसातून तीन वेळा सारजामाय तिला मांडीवर आडवी घेई, पोटाखाली दोन बोटे आणि अंगठा नेऊन काही चाचपी, आणि डोळे मिटून हलकेच दाबी. मग धार सुटे. हे झाले नाही तर मांजर फुगून दुसरा दिवस पाहणार नाही, असे ती म्हणाली. ही विद्या कोठे शिकलीस असे मी विचारले. ‘बायंतिनीचं अडलेलं पानी काढाले हात शिकला होता. मानसाचं निंघते तं मांजराचं काऊन नाई निंघन?’

मी शास्त्री होतो, तेव्हा एक शंका मला स्वस्थ बसू देईना. मी म्हणालो, ‘सारजामाय, हे जीव आपापल्या पूर्वकर्माचे फळ भोगीत आहेत. ते भोगून संपू द्यावे. मध्ये आपण का यावे?’

तिने हात राखेने घासले, धुतले आणि मग उत्तर दिले. ‘बाई अडते, थेबी करमाचंच फय म्हना. मंग तवा मले काऊन बलावता? तवा कोनी म्हनत नाई का सारजे, मधात येऊ नको.’

त्या दिवसापासून मी अधूनमधून तिसऱ्या प्रहरी तिच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. सोवळे सांभाळून, कशालाही न शिवता, दूर बसत असे. ती मला त्याबद्दल कधी टोचून बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, ‘तुमी पाह्यता पुष्कय जी.’

पाटलांची मिशी पुन्हा आली, पण पारावरचे हसू ते विसरले नाहीत. वर्षभरात त्यांनी निमित्त शोधले. बाळंतिणीच्या खोलीत मांजर शिरू देऊ नये असे आपल्या बायका मानतातच. त्यातच जरा तेल ओतले की पुरे. एका बाजाराच्या दिवशी चावडीवर सगळ्यांसमोर ते म्हणाले, ‘ज्या घरात डझनभर लुळीपांगळी मांजरं, त्या घरचा हात गावातल्या सुनांले लागनार नाई. लेकरांवर सावली पडते. सारजेनं अवसेच्या आत मांजरं नाल्यापलीकडं नेऊन सोडावी, नाईतं सुईनपन सोडावं.’

हा निरोप घेऊन कोतवाल गेला तेव्हा मी तिच्या ओट्यावरच होतो. नाल्यापलीकडे सोडणे म्हणजे काय, हे त्या घरात ज्याला डोळे होते त्याला समजत होते. आंधळी चांदी आणि लुळी पेवी तेथे एक रात्र काढू शकली नसती. आणि सुईणपण सोडणे म्हणजे या बाईच्या हातातून तिचे सारे आयुष्य काढून घेणे होते. कोतवाल खाली मान घालून उभा होता. तोही तिच्याच हातावर जन्मला होता.

‘पाटलाले सांग,’ ती म्हणाली, ‘मांजरं इथंच राह्यतीन. अन् हात मी धुवून ठेवले हायेत.’

मी तिला समजावले. मांजरे काही दिवस माझ्या गोठ्यात ठेवू, पाटलांचा राग उतरेल, मग परत आणू, असे सुचवले. ती म्हणाली, ‘म्हंजे पाटील खरं बोल्ले असं म्यानं कबूल कराव का? कमी हाये म्हून टाकाचं ठरलं, तं ठेवाचं कोनाले जी? उद्या मले कमी दिसाले लागन. परवा तुमाले.’

अवस आली आणि गेली. बाळंतपणासाठी दुसऱ्या गावची सुईण येऊ लागली. सारजामायची चूल थंडावली. बाळंतपणाला ती लुगडे-खण घेत नसे, सव्वा महिना दुधाचा रतीब मागत असे, आणि त्याच दुधावर ती मांजरे जगत होती. रतीब बंद झाले. ती कापूस वेचायला जाऊ लागली, परंतु तिसऱ्या प्रहरी पेवीसाठी तिला घरी परतावे लागे, त्यामुळे अर्ध्या दिवसाचीच मजुरी मिळे. खाटकाच्या घरची म्हातारी, जिच्या तीन नाती सारजेने बाळंत केल्या होत्या, ती दर जुम्म्याला टाकाऊ मांस फडक्यात बांधून पाठवी. त्यावर सारे कसेबसे चालले.

काही बायका चोरून येत. मागच्या गल्लीतून यायच्या, हळूच म्हणायच्या, माय, आज संध्याकाळी परसदारानं ये, कोनाले समजनार नाई. त्या बायकांना ती पोटावर हात ठेवून मूल कसे आहे ते सांगे, काय खावे, कसे निजावे ते सांगे. पण जायला नकार देई. ‘मांगच्या दारानं पोर जन्माले येत नाई, बाई. मले आनाचं असन तं सामनेच्या दारानं आन. मी आज येते.’ पाटलांना अंगावर घेण्याचे धैर्य कोणाच्या नवऱ्याला झाले नाही. मला तिचा हा हट्ट कठोर वाटला, मी तसे बोललोही. ती म्हणाली, ‘एकदा लपून गेली, तं मी चोर झाली. मंग चोराच्या घरची मांजरं कोनीबी हाकलते.’

असे वर्ष लोटले. ज्येष्ठातील एका दुपारी, ऊन ऐन भरात असताना, दौलतराव पाटील एकटे, अनवाणी, तिच्या समोरच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या धाकट्या सुनेला आदल्या पहाटेपासून कळा येत होत्या. मूल आडवे होते. परगावच्या सुईणीने हात टेकले होते. मलकापूरचा दवाखाना बैलगाडीने दिवसभराच्या वाटेवर, आणि पोरीला गाडीत घालण्यासारखी स्थिती उरली नव्हती. मी ओट्यावर होतो. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज असा बसलेला मी प्रथमच ऐकला.

‘सारजे, पोरगी जाते.’

मी तिच्या तोंडाकडे पाहिले. खरे सांगतो, ती आता काहीतरी मागेल असे मला वाटले, आणि मागावे असेही वाटले. ती उठली, सुपारीएवढी हळद पदरात बांधली, तेलाची बुधली घेतली.

‘समोरच्या दारानं आले ना,’ ती म्हणाली. ‘बस झालं.’ उंबऱ्यापाशी ती थांबली. ‘पन पाटील, पेवीले मोकयी कराची वेय झाली हाये. मले याले रात होईन. आज नाई केलं, तं सकाय पाह्यत नाई थे.’

‘मंग?’

‘मंग काई नाई. तुमी बसा.’

‘मी?’ पाटील माझ्याकडे बघू लागले. ‘शास्त्रीबुवा हायेत ना.’

‘शास्त्रीबुवा सोवळ्यात हायेत.’

‘ही अट हाये का, सारजे?’

‘अट तुमी घालता,’ ती म्हणाली. ‘मी चालली. तुमची सून मी पाह्यते. हिले पाह्याचं का नाई, थे तुमचं तुमी पाहा.’ आणि ती पाटलांना तिथेच टाकून भर उन्हात झपाझप निघून गेली. एकदाही तिने मागे वळून पाहिले नाही.

आम्ही दोघे त्या घरात उरलो. या प्रसंगी सोवळ्याचे कारण पुढे करून मी बसून राहिलो, हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण ते तसेच घडले, म्हणून लिहितो. पाटील काही वेळ उभेच होते. मग आत गेले आणि पेवीला दोन्ही हातांनी धरून आणले, तान्हे मूल प्रथमच घेणाऱ्या माणसासारखे. मांडीवर ठेवले. तिने त्यांच्या अंगठ्याला दात लावले. त्यांनी हात काढला नाही.

‘कसं कराचं?’

मी दुरून सांगू लागलो. दोन वर्षे मी ते पाहत होतो. मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाखाली, दोन बोटे या बाजूने, अंगठा त्या बाजूने, लिंबाएवढे काही लागेल. ते म्हणाले, लागत नाई. पुन्हा चाचपले. लागत नाई. त्यांच्या कपाळावरून घाम पेवीच्या अंगावर टपकत होता. दूर त्यांच्या घराकडून बायकांचा गलबला ऐकू आला आणि थांबला. त्यांनी मान वर केली, मग पुन्हा खाली घातली. तिसऱ्या खेपेस त्यांची बोटे थबकली. ‘हे?’ ते म्हणाले. मी म्हणालो, ‘हळू.’ धार सुटली आणि त्यांचे पांढरे धोतर भिजत गेले. ते उठले नाहीत.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, ‘शास्त्रीबुवा, फाडीखाली आली होती थे हीच का?’

‘हीच.’

पेवी त्यांच्या मांडीवर तशीच झोपी गेली, आणि ते तिच्या झोपेला धक्का न लावता बसून राहिले.

दिवस मावळताना बोलावणे आले. मुलगा झाला होता, सून जगली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात बायकांची कुजबुज चालली होती. मुलाचा उजवा पाय घोट्यातून आत वळलेला होता. पाटलांची थोरली बहीण, जिला सारे आत्याबाई म्हणत, दारात उभी राहून म्हणाली, ‘पाहा. मी म्हनत नव्हती? लुळ्या मांजरायची सावली पडली लेकरावर.’

सारजामाय मोरीपाशी हात धूत होती. दुपारपासूनच्या कष्टाने तिचे खांदे गळून गेले होते. ती उभी राहिली.

‘आत्याबाई, पोर नऊ महिने पोटात होतं. मले या घरात पाय ठेवाले बंदी होऊन वरीस झालं. मंग सावली कोनाची पडली?’

आत्याबाई दारातून बाजूला सरली.

‘पाय वाकडा हाये, पोर वाकडं नाई. हाडं अजून लोन्यासारखी हायेत. रोज मालिश करीन, कामट्या बांधीन, चालन. जरा लंगडन. लंगडनाऱ्याले भूक लागते, हसू येते, सारं येते.’ मग ती पाटलांना म्हणाली, ‘घ्या.’ आणि मूल त्यांच्या हातात दिले. पाटलांनी त्याचा तो पाय मुठीत धरला. त्या दिवशी दुपारी मी ते हात पाहिले होते, म्हणून मला ठाऊक होते की ते दाबणार नाहीत.

पाटलांच्या पत्नीने लुगडे, खण, नारळ असे सारे तबकात घालून आणले. सारजामायने तबक मागे सारले. ‘पाटलानं जे बोल्लं थे चावडीवर बोल्लं. घरात लुगडं देऊन थे पुसत नाई. जिथं सांडलं तिथंच पुसा.’

त्यानंतर ती रोज सकाळी पाटलांच्या घरी गेली. मुलाचा पाय तेल लावून चोळायची, बांबूच्या पातळ कामट्या मऊ फडक्यात गुंडाळून बांधायची आणि परत यायची. त्या घरचे पाणीसुद्धा तिने तोंडाला लावले नाही. पाटील ओसरीवर बसून ते पाहत. रागावलेला माणूस मनाने केव्हाच विरघळलेला असतो, पण तोंडून शब्द निघायला वेळ लागतो. सव्वा महिना लागला. मग एका बाजाराच्या दिवशी, तेवढ्याच लोकांसमोर, चावडीवर पाटील उभे राहिले आणि म्हणाले, ‘सारजेच्या हातावर म्या बंदी घातली, थे चुकलं. थे बंदी उठली. तिची मांजरं आजपासून गावची मांजरं हायेत.’

सारजामाय रस्त्यापलीकडे मिठाच्या दुकानापाशी उभी होती.

‘गावची काऊन जी?’ ती तेथूनच म्हणाली. ‘माहीच हायेत.’

तिच्या या उत्तराचा अर्थ मला पुढे सहा वर्षांनी कळला. चैत्रात ती आजारी पडली. पोटात पाणी झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पोटे तपासणाऱ्या तिच्या हातांनी स्वतःचे पोटही तपासले होते, आणि काय ते तिला समजले होते. एका संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तिने पाटलांना, खाटकाच्या म्हातारीला, कोतवालाला, मला आणि आणखी पाच-सात जणांना बोलावून घेतले. घरात तेव्हा नऊ मांजरे होती. ती अंथरुणावर उठून बसली.

पाटलांनी तिला धीर दिला. ‘सारजे, तू काई चिंता करू नको. तुह्या मांजरायले गाव सांभाळीन.’

‘गाव कोन, पाटील?’ ती म्हणाली. ‘गावाले हात अस्तात का? बोटं अस्तात का? गाव सांभाळीन म्हंजे कोनीच नाई सांभाळनार. माह्यासमोर नावं सांगा.’

मग पाटील म्हणाले, ‘तहसीलदार माह्याकडं. कोनाचंच आयकत नाई, त्याची मले सवय हाये.’ ती हसली, आणि मग सर्वच हसले. म्हातारीने तिपाईला मागून घेतला. कोतवालाने चांदी घेतली, आणि सारजामायने त्याच्याकडून कबूल करून घेतले की अंबाडीचा दोर तो आपल्या घरी नेऊन ठोकील आणि घरातले एकही भांडे जागचे हलवणार नाही. एकेक नाव आले. प्रत्येकाला तिने आपले नाव मोठ्याने उच्चारायला लावले, आणि नुसती मान हलवणाऱ्याला पुन्हा विचारले. शेवटी पेवी उरली. पेवीचे काम सोपे नव्हते, ते रोजचे होते, दिवसातून तीनदा होते. पाटलांचे हात आता कापू लागले होते. सारे खाली पाहू लागले.

मी माझे नाव सांगितले.

सारजामाय माझ्याकडे वळली. ‘तुमी? सोवळ्याचं कसं करसान?’

‘आधी तिचे करीन. मग स्नान, मग संध्या.’

‘दाबता येते?’

मला येत नव्हते. मी आठ वर्षे पाहिले होते, केले कधीच नव्हते. तिने पेवीला माझ्या मांडीवर द्यायला सांगितले. तेवढ्या माणसांत, काशीचा पदवीधर शास्त्री, मी त्या मांजरीच्या पोटाखाली बोटे घातली. ऊब लागली, श्वास लागला, आणखी काही लागेना. सारजामायने आपला सुजलेला हात माझ्या हातावर ठेवला. ‘वरतून नाई. खालून या. तिच्या श्वासासंगं. आता.’ धार सुटली तेव्हा तिने हात काढून घेतला आणि मला दुसऱ्यांदा करायला लावले. मग ती आडवी झाली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पेवी माझ्या घरी आणखी चार वर्षे जगली. ही वार्ता पसरली तेव्हा आसपासच्या गावचे दोन वैदिक माझ्याकडे आले. विद्वान माणसे होती, माझ्याविषयी त्यांना आदर होता, म्हणूनच त्यांना वाईट वाटत होते. हे कर्म कोणत्या आधाराने करता, असे त्यांनी विचारले. गोठ्यात गायी आहेत, देवपूजा आहे, हे मध्येच काय. याचे प्रायश्चित्त तरी घ्यावे, आणि मांजर एखाद्या गड्याकडे सोपवावे, असे त्यांनी सुचवले. तिसरा प्रहर होत आला होता. मी त्यांना नमस्कार केला, बसायला आसने दिली, आणि पेवीला मांडीवर घेतले.

‘आधार विचाराल तर देता येणार नाही,’ मी म्हणालो. ‘सारजामायसमोर मी माझे नाव सांगितले आहे.’